मुलांची खोली

गेल्या वैशाखात मी धुळ्याहून जळगावला भावाकडे गेले होते. वैशाखातला खानदेश ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या दिवसांचे वर्णन करून सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून ते पटायचे नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो आणि दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारोळा, एरंडोल करीत एस.टी. जळगावात शिरली आणि मी भावाच्या घरी पोहोचले, तो दोन्ही भाचरे दारातच उभी. थोरली पाच वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा.

"आत्या, आम्हांला खेळायला ने!"

"अरे, बाहेर ऊन किती आहे!"

"बाहेर नाही काही, आत खेळायचं," थोरलीने मला समजावले.

वहिनी हसत म्हणाली, "ताई, ते पैसे भरून खेळायचं ठिकाण निघालंय ना, तिथं घेऊन जा. गार असतं तिथं. तेवढाच मला तासभर निवांत."

संध्याकाळी रिक्षा करून आम्ही तिघे त्या खेळघरात गेलो. दारातच चपला काढून पायमोजे घालण्याची सक्ती. आमचे घरी राहिलेले, म्हणून तेही तिथेच विकत घेतले. मुलांच्या मनगटांना कागदी पट्ट्या बांधल्या. तिकीट एका तासाचे. तास उलटला की पैसे वाढणार. आत गादीसारखी मऊ जमीन, चढायला जाळ्या, घसरगुंड्या आणि रंगीबेरंगी पोकळ चेंडूंनी काठोकाठ भरलेले एक मोठे कुंड. धाकटा त्यात उडी मारून क्षणात दिसेनासा झाला, तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकला. मग चेंडूंतून त्याचे डोके वर आले आणि ते डोके खदखदा हसत होते.

भिंतीशी पालकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. बहुतेकांचे डोळे हातातल्या मोबाइलवर होते. मीही दमले होते, तेव्हा मीही माझा बाहेर काढला. शेजारच्या बाईंनी सहज विचारपूस केली, आणि मी धुळ्याला बालवर्ग शिकवते असे कळताच त्या सरसावून बसल्या.

"बरं झालं, तुम्हांलाच विचारते. आमच्या मुलाच्या शाळेत नुसते खेळच घेतात हो. पाच वर्षांचा झाला, अजून धड ओळीत लिहीत नाही. शाळा बदलून टाकावी का?"

वाचकहो, तासाचे पैसे भरून ज्या माउलीने मुलाला खेळायला आणले होते, तीच शाळेतला फुकटचा खेळ बंद कसा होईल ते मला विचारीत होती! एरवी मी मनातल्या मनात हसले असते. पण मला हसण्याचा अधिकार नव्हता. माझ्या पर्समध्ये किल्ल्यांचा जुडगा होता, आणि त्यात माझ्या वर्गातल्या खेळण्यांच्या कपाटाची किल्ली होती. मागल्या दिवाळीनंतर त्या कपाटाला मीच कुलूप घातले होते. कुणी तसा हुकूम सोडला नव्हता. दोन-चार पालकांच्या भुवया वर चढलेल्या पाहिल्या, "बाई, यंदा तरी लिहायला शिकवा" असे एक-दोघांनी ऐकवले, आणि दहावीपुढे न शिकलेली माझ्यासारखी बाई घाबरली. ठोकळे, मणी, भातुकली आत गेली. पाट्या-वह्या बाहेर आल्या.

त्या बाईंना मी काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. आठवते ते एवढेच, की थोरली घसरगुंडीच्या टोकावर बसून मघापासून हाका मारीत होती. "आत्या, बघ ना! आत्या, बघ!" मी मान वर करीपर्यंत ती घसरली नाही. मागे मुलांची रांग लागली होती, तरी नाही.

त्या रात्री गच्चीवर पडल्या पडल्या मला आजीचे घर आठवले. जुन्या खानदेशातले ते धाब्याचे घर होते: मातीच्या जाड भिंती, वर मातीचेच सपाट छप्पर. उन्हाळ्यात "उनमा नका जाऊ रे!" असे ओरडून आजी आम्हां सगळ्यांना ओसरीवर कोंडायची. सारवलेल्या जमिनीवर सागरगोटे, कोळशाने आखलेला पट, आणि पाळीपाळीने बंगईचे झोके. आखाजीला लिंबाच्या झाडाला झोके बांधले जात, पण तेवढा सण सोडला तर दुपारचा खेळ घरातच. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गुलाबाई बसल्या की आम्ही मुली रोज संध्याकाळी या घरातून त्या घरात गाणी म्हणत जात असू, आणि डब्यातला खाऊ ओळखण्यासाठी भांडत असू. थोडक्यात, छपराखालचा खेळ ही काही खानदेशाला नवी गोष्ट नव्हे. फरक एवढाच, की त्या ओसरीला तिकीट नव्हते, आणि धान्य निवडता निवडता आजीचा एक डोळा आमच्यावर असायचा.

मुलांसाठी म्हणून वेगळी खोली बांधण्याचा इतिहास मात्र मोठा मनोरंजक आहे. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी खेळातून शिकण्याची संस्था काढली आणि १८४० साली तिला नाव दिले 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग. या निरुपद्रवी बागेचीही सत्ताधाऱ्यांना भीती वाटली! प्रशियाच्या सरकारने १८५१ साली तिच्यावर बंदी घातली. ती उठायला १८६० साल उजाडावे लागले.

दुसरी खोली रोममधली. सान लोरेंझो या गरीब वस्तीत काही चाळी दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरे जिने आणि भिंती खराब करीत. त्यांना कुठे तरी अडकवून ठेवावे म्हणून मालकांनी एक खोली दिली आणि मारिया माँटेसोरी या डॉक्टरीणबाईंकडे तिची देखरेख सोपवली. ६ जानेवारी १९०७ रोजी ती खोली उघडली. म्हणजे तिचा जन्म मुलांच्या सुखासाठी झाला नव्हता. तो भिंतींच्या रंगासाठी झाला होता! पण डॉक्टरीणबाई मुलांकडे नुसत्या पाहत बसल्या. त्यांनीच पुढे सांगितलेली एक हकीकत आहे. मुलांची साधने एका कपाटात कुलपात असत आणि शिक्षिका ती काढून वाटत असे. एके दिवशी ती कुलूप लावायला विसरली आणि त्यातच यायलाही तिला उशीर झाला. येऊन पाहते तो मुलांनी आपापल्या आवडीची साधने काढून घेतली होती आणि ती कामाला लागली होती. शिक्षिकेला ती चोरी वाटली. माँटेसोरीबाईंना ती निवड वाटली. त्यानंतर कुलपाची कपाटे गेली आणि मुलांच्या हाताला येतील अशी ठेंगणी, उघडी कपाटे आली.

ही हकीकत मी कित्येक वर्षांपूर्वी वाचली होती. मग ती विसरले कशी?

रोमची ती खोली आपल्याकडे आली ती भावनगरमार्गे. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. आपला मुलगा वाढवताना त्यांनी माँटेसोरीबाईंचे विचार वाचले आणि वकिली सोडून ते मुलांत रमले. १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. १९२३ साली तेथे एक मराठी बाई दाखल झाल्या, ताराबाई मोडक. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयात प्राचार्य राहिलेल्या. १९२६ साली या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. खुद्द माँटेसोरीबाई १९३९ साली मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या. त्या इटलीच्या, म्हणजे शत्रुपक्षाच्या. त्यामुळे त्यांचा मुलगा मारिओ काही काळ आपल्या अहमदनगरच्या छावणीत अटकेत होता. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, सरकारने त्याला सोडले.

पण खरी कसोटी पुढेच होती. शहरातली बालमंदिरे सुरेख होती, तथापि त्यांची साधने महाग आणि मुले सुखवस्तू घरांतली. ताराबाईंच्या मनाला ते बोचत होते. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि स्वतःच्या जिद्दीने शिकलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांच्या सोबतीला आल्या. शाळा काढली, पण गरीब वस्तीतली मुले शाळेकडे फिरकेनात. मग शाळाच त्यांच्या अंगणात गेली! विकतच्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आणि माती आली. 'अंगणवाडी' हा शब्द आज आपण सहज वापरतो, त्याचा उगम त्या अंगणात आहे. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथली वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून बाईंनी कुरणातच शाळा भरवली. थोरल्या बहिणीच्या काखेत धाकटे भावंड असे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' उभारली. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक घरोघरच्या आयांनी जरूर वाचावे.

ताराबाई गेल्या तो दिवसही ३१ ऑगस्टच, साल १९७३. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने खेळ हाच या वयाचा अभ्यास असे मान्य केले, आणि २०२३ साली सरकारने खेळण्यांनी भरलेला 'जादुई पिटारा' शाळांसाठी आणला. सरकारसुद्धा पेटी उघडत होते; कुलूप घालणारी मीच होते.

आणि ते चेंडूंचे कुंड? त्याचाही इतिहास आहे. एरिक मॅकमिलन या रचनाकाराने १९७६ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे तसले पहिले कुंड केले. त्या गृहस्थाचे मी आभारच मानते. जळगावच्या उन्हात मुलांना धडपडायला गार जागा मिळाली, यात वावगे काय आहे? आता धाब्याची घरे राहिली नाहीत, आणि फ्लॅटमध्ये बंगई टांगायला जागा नाही. माझे भांडण खेळघराशी नाही. आपण मुलांची एक खोली तोडून तिच्या दोन केल्या, याचे मला दुःख आहे. रविवारची खोली खेळायची, तिथे आपण पाहत नाही. सोमवारची खोली शिकायची, तिथे मुलाला हलू देत नाही. ताराबाईंची खोली एकच होती, आणि तिला दार नव्हते म्हटले तरी चालेल.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी कपाटाचे कुलूप काढले. पुढला आठवडा काही गोड गेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. ठोकळ्यांवरून मारामाऱ्या झाल्या, मण्यांची माळ तुटून मणी वर्गभर पळाले, मोजायला ठेवलेली ज्वारी इतकी सांडली की शाळेच्या मावशींनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. पालकांच्या भुवया पुन्हा चढल्या. या खेपेला मी त्यांना बोलावले, मोबाइल दाराशी ठेवायला लावले आणि म्हटले, "अर्धा तास नुसते पाहा. बोलायचे नाही, शिकवायचे नाही."

यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ रात्रपाळी करून आले होते. त्यांचा मुलगा वर्गात तोंड उघडत नसे. तो वाटीने ज्वारी मोजून डब्यात भरीत होता. सातवी वाटी सांडली, तेव्हा त्याने मान वर करून बापाकडे पाहिले. बाप काही बोलला नाही. पोराने डबा उपडा केला आणि पुन्हा एकपासून, पण या वेळी मोठ्याने, मोजायला सुरुवात केली.

सर्वांनाच ते पटले असे नाही. ऑगस्टमध्ये दोन मुलांची नावे काढून त्यांना दुसऱ्या शाळेत घातले. त्यांतल्या एकीची आई मला अजून बाजारात भेटते आणि ओळख दाखवीत नाही. दोन रिकाम्या जागा वर्गात दिसतात, आणि मन खाते. तरीही कपाट उघडेच आहे.

ते कुलूप चांगले पितळी होते, टाकून द्यायला जीव झाला नाही. मावशींनी ते शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाला लावले आहे. तिथे त्याची गरज होती.