यादीत नसलेलं नाव

मांजरीत राहायला येऊन चार वर्षं झाली, पण सोलापूर रस्त्यावरच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या पाटीकडे माझं कधी नीट लक्ष गेलं नव्हतं. सकाळी पुलावरून खराडीला जायचं, दिवसभर कोड लिहायचा, संध्याकाळी त्याच पुलावरून परत यायचं. मांजरी माझ्यासाठी स्वस्त भाड्याचं गाव होतं, आणि २०२१ साली महापालिकेत आल्यावर तेवढं स्वस्तही राहिलं नाही. मग गेल्या वर्षी तासगावहून मामाचा फोन आला. "तुझ्या घराजवळ द्राक्षाचं सरकारी केंद्र हाय न्हवं?"

हे केंद्र १९९७ सालचं. मीही १९९७चाच. पण आमची खरी ओळख २०१० सालची आहे, फक्त तेव्हा मला ती कळली नव्हती.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाकडे होतो. एरवी त्या घरात टीव्हीचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, त्या वर्षी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सारखा एकच शब्द कानावर यायचा: सीसीसी. "त्यांच्या मालात सीसीसी निघालं", "आपल्यातबी निघालं". मला वाटलं हा बागेला होणारा रोग असावा, करपा किंवा डाऊनीसारखा. मामाचा माल युरोपात अडकला होता. निर्यातदाराकडून पैसे यायच्या ऐवजी पट्टी आली ती उणे: भाडं, शीतगृह आणि माल नष्ट करायचा खर्च मामाच्याच अंगावर. मामीनं त्या वर्षी काय विकलं ते मला पुष्कळ वर्षांनी समजलं.

सीसीसी म्हणजे काय आणि ते निघालं कसं, याचा शोध मी घेतला तो मामाच्या या फोननंतर. आणि त्यात मला भेटलं ते माझ्याच धंद्यातलं प्रकरण.

गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागते. महाराष्ट्रातल्या द्राक्ष उत्पादक संस्थांनी एकत्र येऊन १९९१ साली 'महाग्रेप्स' उभी केली आणि युरोपची वाट रुळू लागली. पूर्वशीतकरण, शीतगृह, पेट्यांची मापं, घडाचा आकार, मण्यांचा व्यास, सगळं लोक शिकले. तेव्हाची गुणवत्ता डोळ्यांना दिसणारी होती. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष सापडले आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या गुणवत्तेचा काळ सुरू झाला. मणी कितीही टपोरा असो, उपयोग नाही.

त्यानंतर अपेडानं अवशेष तपासणीचा कार्यक्रम आखला आणि त्याची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा मांजरीच्या याच केंद्रात आली. तिकडे युरोपात १ जानेवारी २००५ पासून नवा अन्न कायदा लागू झाला: माल कुणाकडून घेतला आणि कुणाला दिला, हे प्रत्येक व्यापाऱ्याला सांगता आलं पाहिजे. म्हणजे एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे, एवढंच. आपल्याकडे केलं ते त्याहून पुष्कळ जास्त. २००६ साली आलेल्या 'ग्रेपनेट'नं पेटीचा माग थेट प्लॉटपर्यंत नेला. देशात शेतमालासाठी इंटरनेटवर चालणारी अशी ही पहिलीच व्यवस्था.

ग्रेपनेटची रचना मला इंजिनियर म्हणून मनापासून आवडते. शेतकरी कृषी खात्याकडे प्लॉटची नोंदणी करतो, प्लॉटला क्रमांक मिळतो. काढणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो, अहवाल त्याच क्रमांकावर चढतो. मग पॅकहाऊस, अ‍ॅगमार्कचं प्रमाणपत्र, शेवटी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. मागची पायरी पुरी झाल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. नमुन्यात मर्यादेबाहेर काही सापडलं तर सूचना निघते आणि तो प्लॉट युरोपसाठी बंद. पास झालेल्या प्लॉटच्या नावावर शेजाऱ्याची द्राक्षं चढवणं कागदाच्या जमान्यात सोपं होतं, ते आता अवघड झालं. 'साहेब, बघा की जरा' याला संगणकाकडे उत्तर नसतं, हा त्याचा मोठाच गुण. पुढे डाळिंब, आंबा, भाजीपाला यांच्यासाठी याच धर्तीवर व्यवस्था उभ्या राहिल्या.

मग २०१० साली काय झालं?

द्राक्षाची वेल आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. एप्रिलनंतर वेल नुसती पानांनी माजली तर काडीच्या डोळ्यांत घड तयार होत नाही. म्हणून वाढ रोखायला क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजेच सीसीसी, फवारायची पद्धत होती. चोरून नव्हे, उघड. दुकानात मिळायचं, सगळे वापरायचे. फळ येणार दहा महिन्यांनी, तोवर या फवाऱ्याचं काय उरणार, असाच सगळ्यांचा हिशेब.

पण हे औषध वेलीच्या लाकडात मुरून राहतं आणि तिथून फळात उतरतं. युरोपात द्राक्षासाठी त्याची मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. गंमत अशी की हेच औषध युरोपातले शेतकरी गव्हावर मारतात, ताट आखूड राहून पीक लोळू नये म्हणून, आणि गव्हासाठीची मर्यादा कितीतरी पट सैल आहे. तिथल्या द्राक्षाला ते लागत नाही, म्हणून द्राक्षाची मर्यादा जवळपास यंत्राला दिसेल तिथेच ठेवलेली. ती विषाची रेषा नव्हे, 'आमच्याकडे याचा वापर नाही' असं सांगणारी रेषा. सप्टेंबर २००८ पासून या मर्यादा सगळ्या युरोपीय संघासाठी एकसारख्या झाल्या होत्या.

आणि आपल्याकडे तपासायच्या रसायनांची जी लांबलचक यादी होती, तिच्यात क्लोरमेक्वाट नव्हतं.

यादीत नसलं तरी यंत्रात चुकून दिसायला हवं होतं, असं मला आधी वाटलं. पण तेही शक्य नव्हतं. एकाच वेळी अनेक कीटकनाशकं शोधायची पद्धत असते, तिच्यात द्राक्षाच्या लगद्यातून रसायनं एका द्रावकात ओढून घेतात. क्लोरमेक्वाट स्वभावानं मिठासारखं. ते पाण्यातच बसून राहतं, द्रावकात येतच नाही. त्याच्यासाठी वेगळी चाचणी लावावी लागते, आणि जे यादीत नाही त्याच्यासाठी वेगळी चाचणी कोण लावणार?

आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या आणि प्रॉडक्शन कोसळलं. कोडमध्ये चूक नव्हती. दारं बरोबर क्रमानं उघडली, अहवाल खरे होते, सह्या खऱ्या होत्या. मामाच्या प्लॉटचा अहवाल पास होता. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

गेल्या दिवाळीला तासगावला गेलो तेव्हा मामाला २००९ची फवारणी वही मागितली. असेल असं वाटलं नव्हतं. त्यानं पत्र्याच्या पेटीतून काढून दिली. एप्रिल-मे २००९च्या पानांवर त्याच्या तिरक्या अक्षरात सीसीसीच्या दोन नोंदी आहेत, तारखेसकट, पंपाच्या मापासकट. निर्यातीच्या बागेला वही ठेवावी लागते म्हणून त्यानं ती ठेवली होती, प्रामाणिकपणे. म्हणजे माहिती होती. एका शेतकऱ्याच्या कपाटात दहा महिने पडून होती. या नोंदीला मर्यादेच्या कोष्टकाशी ताडून बघेल असा प्रश्न कुठल्याच टप्प्यावर नव्हता, एवढंच.

मला जास्त लागलं ते वेगळंच. माग काढायची सोय अशी चोख की युरोपातल्या पेटीवरून मामाचा प्लॉट काही मिनिटांत सापडला असेल. ज्या वाटेनं मालाचा माग लागतो, त्याच वाटेनं वसुली घरापर्यंत येते. यादी करणाऱ्यापर्यंत, औषध विकणाऱ्यापर्यंत जाणारी वाट त्या रचनेत नव्हती. आजही अशी वाट कुणाला आखावीशी वाटेल असं वाटत नाही. मी स्वतः ज्या सिस्टिम लिहितो, त्यांतही साखळीतल्या सगळ्यात खालच्या माणसाची नोंद सगळ्यात बारीक असते.

न्यायानं हेही सांगायला हवं की दुरुस्ती भराभर झाली. क्लोरमेक्वाट तपासणीत आलं, निर्यातीच्या बागांना सीसीसी मारू नका असं सांगितलं गेलं. लोक शेंडा मारणं, पाणी कमी करणं, सबकेन करणं याकडे वळले. व्यवस्था आधीपासून होती म्हणून हे बागाबागांपर्यंत पोचू शकलं. मात्र लाकडात मुरलेलं औषध पुढच्या हंगामातही थोडंफार फळात येऊ शकतं, त्यामुळे ज्यानं हात आवरला त्यालाही धाकधूक होतीच. मामानं तीन वर्षं युरोपचं नावच घेतलं नाही. माल स्थानिक व्यापाऱ्याला दिला, उरला त्याचा बेदाणा केला.

आता तो पुन्हा निर्यातीकडे वळला आहे, आणि गेल्या वर्षीचा फोन त्यासाठीच होता. दुकानदारानं त्याला एक नवीन बाटली दिली होती, "सगळे मारतात" म्हणून. मामाला नाव यादीत आहे का ते हवं होतं. मी फोनवरच पीडीएफ उघडली, शिफारस केलेल्या औषधांची आणि तपासायच्या रसायनांची, दोन्ही शोधल्या. बाटलीवरचं नाव कुठेच सापडलं नाही.

"न्हाई," मी म्हणालो.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "न्हाई म्हंजे मारायचं न्हाई, का न्हाई म्हंजे कोण बघत न्हाई?"

सोमवारी ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं आणि त्या पाटीखालून आत गेलो. शिफारशीत नाव नसेल तर फवारायचं नाही, असं सरळ उत्तर मिळालं. बाहेर येऊन मामाला फोन केला. बाटली परत करतो म्हणाला, पण तिचं नाव आधी वहीत लिहून ठेवलं होतं त्यानं.