उत्तर कुठे आहे?

मागच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा माझे काका आणि त्यांचे चुलतभाऊ नाना यांचं बोलणं बंद होतं. कारण नेहमीचंच, बांध. काकांच्या मते बांध नुसता सरकला नव्हता, तिरका झाला होता. विहिरीच्या टोकाला जागच्या जागी, रस्त्याच्या टोकाला मात्र पाच-सहा फूट आत.

माझ्याकडे सिव्हिलचा डिप्लोमा आणि हातात फोन, म्हणून मी पुढे झालो. विहिरीपाशी उभं राहून फोनमधल्या होकायंत्रावर बांधाची दिशा घेतली. मग रस्त्याच्या टोकाला जाऊन उलट बाजूने घेतली. दोन आकड्यांत १८० अंशांचा फरक यायला हवा होता. आला १६८. शेजारी ट्रॅक्टर उभा आहे, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

काका म्हणाले, "काय रे, तुझी उत्तर दिशापण बांधासारखी सरकते का?"

सगळे हसले. पण खरं सांगायचं तर, सरकते. आणि तिच्या सरकण्यामुळे माणसं कोर्टात गेली आहेत.

आपल्याकडे ब्रिटिशांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या शेतांची मोजणी मुख्यतः शंकू आणि साखळीने झाली. म्हणजे काटकोन आणि लांबी. होकायंत्र हातात घेऊन जमिनी वाटल्या गेल्या त्या अमेरिकेत. जॉर्ज वॉशिंग्टन १७४९ मध्ये, वयाच्या अवघ्या १७व्या वर्षी, व्हर्जिनियातल्या कल्पेपर काउंटीचा मोजणीदार झाला. अब्राहम लिंकनने १८३३ मध्ये हेच काम धरलं. दुकान बुडालं होतं, डोक्यावर कर्ज होतं. पुस्तकं वाचून तो मोजणी शिकला, घोडा आणि होकायंत्र मिळवलं. पुढे कर्जापायी ही सगळी सामग्री लिलावात निघाली. जेम्स शॉर्ट नावाच्या मित्राने ती विकत घेतली आणि लिंकनला परत दिली.

हे होकायंत्र खिशात मावणारं नसायचं. मधोमध काचेची गोल पितळी डबी, तिच्यात टोकदार खिळीवर तोललेली पाच-सहा इंचांची सुई. दोन्ही बाजूंना पितळी पट्ट्या आणि त्यांच्या टोकांना उभ्या फटी. एका फटीतून दुसरीत बघत लांबचं झाड किंवा काठी नेमकी धरायची. हे सगळं जमिनीत रोवलेल्या एकाच काठीवर बसायचं. न्यू इंग्लंडमध्ये पितळ परवडत नसे, तेव्हा लाकडी होकायंत्रंही बनत.

जुनं यंत्र कधी बघायला मिळालं तर तबकडी नीट बघा. तिच्यावर पूर्व आणि पश्चिम उलट लिहिलेल्या दिसतील. ही चूक नाही. मोजणी करताना सुई स्थिर राहते आणि डबी फिरते. तुम्ही पूर्वेकडे वळलात की सुई तबकडीच्या डाव्या बाजूला येते. मग डावीकडेच 'पूर्व' लिहिलं की आकडा सरळ वाचता येतो.

दिशा होकायंत्राने आणि अंतर साखळीने. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये ही साखळी प्रचारात आणली. लांबी ६६ फूट, कड्या १००. अशा ८० साखळ्यांचा मैल आणि १० चौरस साखळ्यांचा एकर. आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे अर्ध्या गंटर साखळीचा चौरस. एकरात ४० गुंठे बसतात ते त्यामुळेच.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. खरी उत्तर वेगळी, आणि दोन्हींतल्या कोनाला दिक्पात म्हणतात. काही फोनमध्ये 'ट्रू नॉर्थ' नावाचा पर्याय असतो, तो हाच फरक दुरुस्त करतो. गोची अशी, की हा कोन एकाच जागी कायम राहत नाही. लंडनमध्ये १५८० साली तो पूर्वेला सव्वाअकरा अंश होता. साखळीवाल्या गंटरनेच १६२२ मध्ये मोजला तेव्हा तो सहाच्या आसपास भरला. हेन्री गेलिब्रँडने १६३४ मध्ये मोजला तेव्हा चारच. आधीच्या दोघांनी चूक केली नव्हती, उत्तरच सरकली होती, असं त्याने पुढच्या वर्षी छापून सांगितलं.

एक अंश म्हणजे काय फारसं, असं वाटेल. पण एक अंश चुकला की मैलभर गेल्यावर रेषा ९२ फूट बाजूला पडते. आजोबांच्या खतात लिहिलंय, 'पांढऱ्या ओकपासून उत्तरेस अमुक अंश पूर्व, ४० साखळ्या'. नातवाने पन्नास वर्षांनी तोच आकडा धरला, तर रेषा शेजाऱ्याच्या शेतात जाते. दोघंही प्रामाणिक, दोघांकडेही कागद, आणि तरी भांडण. यावर उपाय म्हणून व्हर्नियरचं होकायंत्र आलं. त्याचं श्रेय फिलाडेल्फियाच्या डेव्हिड रिटनहाउसला देतात. बारावीच्या प्रयोगशाळेतल्या कॅलिपरवर असते तशीच व्हर्नियर पट्टी, तिने दिक्पात आधीच वळता करून घ्यायचा.

पण लोखंडाचं काय? मिशिगनच्या जंगलात १९ सप्टेंबर १८४४ रोजी विल्यम ऑस्टिन बर्टच्या मोजणी टोळीची सुई भलतीकडेच वळू लागली. बर्टचं काम अडलं नाही, कारण त्याने १८३६ मध्येच सूर्यावरून उत्तर काढणाऱ्या होकायंत्राचं पेटंट घेतलं होतं. त्याने माणसांना दगड तपासायला लावले. पायाखाली लोहखनिज निघालं. त्या भागात पुढे मोठ्या खाणी सुरू झाल्या. सुई बिघडली नव्हती, ती जवळचं लोखंड दाखवत होती. माझा ट्रॅक्टर हेच दाखवत होता!

तरी सगळा दोष सुईवर टाकता येत नाही. पेन्सिल्व्हेनियात १७३७ मध्ये लेनापे लोकांना सांगितलं गेलं, की दीड दिवसात माणूस चालेल तितकी जमीन जुन्या करारानुसार वसाहतीची. वसाहतीने धावणारी माणसं लावली. धाव संपल्यावर तिथून डेलावेअर नदीपर्यंत रेषा ओढायची होती. लेनापेंच्या समजुतीनुसार ती जवळच्या काठाला जायची. ती ओढली काटकोनात, लांबच्या काठाला. सुमारे १२०० चौरस मैल गेले. कोन कुणी ठरवला, यावर सगळं ठरलं.

म्हणूनच असेल, जुने मोजणीदार नुसत्या आकड्यावर विसंबत नसत. कोपऱ्याजवळच्या झाडांवर कुऱ्हाडीने खुणा करून ठेवत. त्यांना साक्षीदार झाडं म्हणत. पुढे अमेरिकी कोर्टांत नियम रूढ झाला, की खतातला अंश आणि जमिनीवरची मूळ खूण यांचा मेळ बसला नाही, तर सहसा खूण खरी मानायची.

दिवाळीनंतर काकांनी रीतसर मोजणी मागवली. भूकरमापक आले, त्यांचं यंत्र उपग्रहांकडून जागा घेणारं. मला वाटलं, आता पाच मिनिटांत निकाल. त्यांनी यंत्र लावायच्या आधी विचारलं, "हद्दीचे जुने दगड कुठं आहेत?"

काका गप्प. त्यांना विहिरीजवळचा एकच ठाऊक होता. थोड्या वेळाने नाना उठले, बांधावरून चालत रस्त्याच्या टोकाला गेले आणि घाणेरीच्या जाळीत पायाने माती उकरत म्हणाले, "हितं. आबांनी दाखवला होता मला, ल्हानपणी."

दगड निघाला. नानांच्या बाजूला चार फूट.

सहा महिन्यांनी काका त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले, "चहा टाकायला सांगतो."