स्नायूंचे लवणे आणि मनातील भय

पापणी लवू लागली, की घरातील वडीलधारी मंडळी आधी ‘उजवी की डावी?’ असे विचारतात. पुरुषाचा उजवा डोळा लवणे शुभ, स्त्रीचा डावा. उलट झाले तर अशुभ, असा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शहरी सुशिक्षितांनी हा शकुन-अपशकुन मोडीत काढला खरा; पण त्याची जागा आता दुसऱ्याच धास्तीने घेतली आहे. पोटरी किंवा दंड आपोआप उडू लागला, की रात्री इंटरनेटवर शोध घेतला जातो आणि काही मिनिटांतच ‘मोटर न्यूरॉन डिसीज’ हे नाव समोर येते. त्या क्षणापासून अनेकांची झोप उडते. ही धास्ती कितपत खरी आणि डॉक्टरांकडे नेमके केव्हा जावे, याचा हा आढावा.

स्नायू का लवतात?

मेंदूकडून आलेला हालचालीचा आदेश मज्जारज्जूतील चालक मज्जापेशी स्नायूंपर्यंत पोहोचवतात. एकेक पेशी स्नायूच्या अनेक तंतूंना चालवते. डोळा फिरवणाऱ्या नाजूक स्नायूंत ही संख्या दहाच्या आसपास, तर पोटरीत हजाराच्याही पुढे असते. आदेश नसतानाही एखाद्या पेशीची शाखा स्वतःहून विद्युतसंदेश सोडते, तेव्हा तिच्या ताब्यातील सर्व तंतू एकदम आकुंचन पावतात आणि त्वचेखाली क्षणिक हालचाल दिसते. वैद्यकीय परिभाषेत याला ‘फॅसिक्युलेशन’ म्हणतात.

अतिश्रम, अपुरी झोप, मानसिक ताण आणि चहा-कॉफीचा अतिरेक ही याची नेहमीची कारणे. रक्तातील मॅग्नेशियम वा कॅल्शियम कमी होणे, थायरॉईड ग्रंथीचे कार्य वाढणे, दम्यावरील सालब्युटामॉलसारखी औषधे, तसेच मानेत वा कमरेत दबलेली नस यांमुळेही स्नायू लवतात.

एक कारण मात्र तातडीचे आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेत स्नायू सर्वांगी लवतात. सोबत घाम, लाळ, उलट्या आणि बारीक झालेल्या बाहुल्या ही लक्षणे दिसतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधांमुळे कीटकनाशकांचा धोका राज्यभर चर्चेत आला होता. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

भय ज्या आजाराचे

मोटर न्यूरॉन डिसीज या गटातील सर्वाधिक आढळणारा आजार म्हणजे ‘एएलएस’. फ्रेंच वैद्य ज्याँ मार्तँ शार्को यांनी १८६९ मध्ये त्याचे वर्णन केले. अमेरिकेचे बेसबॉलपटू लू गेरिग यांना १९३९ मध्ये या आजाराचे निदान झाले आणि १९४१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मात्र १९६३ मधील निदानानंतर २०१८ पर्यंत जगले. पण ते अपवादच. बहुतेक रुग्ण लक्षणे सुरू झाल्यापासून तीन ते पाच वर्षांत दगावतात. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रिल्युझोल हे औषध आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. एका विशिष्ट जनुकदोषाच्या मोजक्या रुग्णांसाठी २०२३ मध्ये टोफर्सेन आले. आजार मुळापासून बरा करणारा उपाय अद्याप नाही.

त्यामुळे भीती वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, हा आजार दुर्मीळ आहे. युरोपातील नोंदींनुसार वर्षाला लाखामागे सुमारे दोन नवे रुग्ण आढळतात आणि त्यांतील बहुतेकांनी पन्नाशी ओलांडलेली असते. याउलट स्नायू लवणे सार्वत्रिक आहे. अमेरिकेत १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निरोगी वैद्यकीय कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के जणांनी हा अनुभव कबूल केला होता.

फरक कसा ओळखावा?

एएलएसमध्ये मज्जापेशी नष्ट होत जातात. म्हणून रुग्णाची पहिली तक्रार बहुधा लवण्याची नसते, शक्ती गेल्याची असते. शर्टाची बटणे लागत नाहीत, कुलपात किल्ली फिरत नाही, चालताना पायातली चप्पल निसटते, बोलणे जड होते किंवा पाणी पिताना ठसका लागतो. स्नायूंचे लवणे अनेकदा रुग्णाच्या ध्यानीही नसते. ते डॉक्टरांना दिसते. ही दुर्बलता एका ठिकाणी सुरू होऊन पसरत जाते आणि तेथील स्नायू सुकू लागतात. मुंग्या वा बधिरता ही या आजाराची नेहमीची लक्षणे नव्हेत.

निरुपद्रवी लवणे आज पोटरीत, उद्या पापणीत, परवा अंगठ्यात असे जागा बदलत राहते. विश्रांतीत ते अधिक जाणवते, अवयव हलवला की बहुधा थांबते. कधीकधी वांबही येतात. हा त्रास काही महिने, क्वचित अनेक वर्षे टिकतो; पण स्नायूंची ताकद कायम राहते.

‘पण पुढे तो आजार झाला तर?’ हा प्रश्न सर्वांनाच छळतो. त्याचे उत्तर अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये दिले. निरुपद्रवी लवण्याचे निदान झालेल्या १२१ रुग्णांचा त्यांनी २ ते ३२ वर्षे पाठपुरावा केला. त्यांपैकी एकालाही एएलएस झाला नाही.

तरुणांच्या बाबतीत आणखी एक आजार ठाऊक असावा. जपानचे डॉ. हिरायामा यांनी १९५९ मध्ये वर्णन केलेला विकार भारतातही आढळतो. साधारणतः पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांचा एक हात बारीक होत जातो आणि थंडीत बोटे अधिक कमजोर होतात. काही वर्षांनी ही प्रक्रिया बहुधा आपोआप थांबते. मात्र वेळीच निदान झाल्यास हानी मर्यादित ठेवता येते.

तपासणी कशी होते?

न्यूरोलॉजिस्ट स्नायूंची ताकद, आकार आणि हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात. ही तपासणी निर्दोष असेल, तर बहुतेकांना पुढे काही लागत नाही. शंका उरल्यास ईएमजी चाचणीत स्नायूत बारीक सुई घालून विद्युत हालचाल नोंदवतात. त्यात मज्जापेशींच्या ऱ्हासाच्या विशिष्ट खुणा नसतील, तर नुसत्या लवण्याला महत्त्व उरत नाही.

भीतीचे चक्र

तरीही काहींचे समाधान होत नाही. ते रोज टेपने दोन्ही पोटऱ्या मोजतात, टाचांवर चालून पाहतात, आरशात जीभ न्याहाळतात. वास्तविक उजव्या-डाव्या अंगांत थोडा फरक प्रत्येकाच्याच शरीरात असतो. चिंतेने शरीरातील अॅड्रिनलिन वाढते, झोप कमी होते, त्यामुळे स्नायू अधिक लवतात आणि चिंता आणखी बळावते. डॉक्टरही याला अपवाद नाहीत. अशाच भयाने ग्रासलेल्या डॉक्टरांविषयीचा एक लेख ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला होता.

ही चिंता ‘मनाचे खेळ’ म्हणून हसण्यावारी नेणे अन्यायाचे ठरेल. तो स्वतंत्र आणि उपचारयोग्य त्रास आहे. विचारांची तपासणी करायला शिकवणारी सीबीटी, तसेच अल्बर्ट एलिस यांची आणि महाराष्ट्रात परिचित असलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती यांचा उपयोग होतो. गरजेनुसार औषधेही दिली जातात. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशन मिळते.

ध्यानात ठेवा

* हातापायांची शक्ती कमी होणे, स्नायू सुकणे, बोलण्यात वा गिळण्यात बदल झाल्यास न्यूरोलॉजिस्टकडे जाण्यात दिरंगाई करू नये.
* केवळ लवणे असेल, तर आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईड व क्षारांची तपासणी त्यांच्या सल्ल्याने करावी.
* चहा-कॉफी कमी करावी आणि पुरेशी झोप घ्यावी. मॅग्नेशियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असल्यास.
* तपासणी निर्दोष आल्यावर पुन्हापुन्हा नवे डॉक्टर आणि नव्या चाचण्या शोधू नयेत. भीती तरीही जात नसेल, तर तिच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी.