वाशीमहून मेळघाट: जंगलप्रवासाचा इतिहास

वऱ्हाडचे जुने नैसर्गिक भाग तीन. दक्षिणेला बालाघाटचे पठार, मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातील पयानघाट आणि उत्तरेला सातपुड्याच्या गाविलगड रांगेतला मेळघाट. वाशीम बालाघाटावर आहे. तिथल्या माणसाला धबधबे, दऱ्या आणि दाट जंगल एकत्र पाहायचे तर पयानघाट ओलांडून मेळघाट गाठावा लागतो. इथे कोणी, केव्हा आणि कसे जायचे याचे नियम मात्र काळानुसार बदलत गेले.

पहिला काळ किल्ल्याचा. बहामनी सुलतान अहमदशाह वली याने पंधराव्या शतकात गाविलगड बांधला. दख्खनच्या सपाटीवरून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटांवर या गडाची नजर असे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अडगावची लढाई झाली आणि 15 डिसेंबरला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांकडून गड घेतला. तोवर बाहेरच्या माणसाला या डोंगरात येण्याचे कारण मुख्यतः लष्करी होते. रानातल्या पायवाटा ठाऊक होत्या त्या तिथे राहणाऱ्या कोरकू आदिवासींना.

1823 मध्ये कॅप्टन रॉबिन्सन या लष्करी अधिकाऱ्याचे लक्ष गडाजवळच्या चिखलदऱ्याकडे गेले. सुमारे 1,100 मीटर उंचीचे हे पठार पुढे वऱ्हाडचे थंड हवेचे ठिकाण झाले. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले, तेव्हा गोरे अधिकारी उन्हाळ्यात इथे येऊ लागले. बंगले उभे राहिले, कॉफीची लागवड झाली, परतवाड्याकडून घाटरस्ता वापरात आला. याच कारभारात वाशीम काही काळ स्वतंत्र जिल्हा होता. 1905 मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सागासाठी मेळघाटचे जंगल राखीव झाले. तोड, चराई आणि वणवा यांवर वनखात्याचा ताबा आला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पूर्णा ते खंडवा मीटरगेज मार्ग जोडला गेला. वाशीम, अकोला, अकोट असे करत ही गाडी वान नदीच्या जंगलात शिरे आणि धूळघाटजवळ रुळांचा पूर्ण वळसा घेऊन चढ चढे. पूर्णा-अकोला टप्पा 2008 मध्ये ब्रॉडगेज झाला. अकोटच्या पुढची वाहतूक 2017 पासून बंद पडली आणि व्याघ्र प्रकल्पातून रुळांचे रुंदीकरण करावे की मार्ग बाहेरून वळवावा, यावर दीर्घ वाद झाला.

या वादामागे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा होता. 1973 च्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. 1987 मध्ये त्यातील 361.28 चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. राष्ट्रीय उद्यानात चराई बंद आणि परवानगीशिवाय प्रवेश नाही. संरक्षणाची किंमत रहिवाशांनीही मोजली: 2001 नंतर बोरी, कोहा, कुंड यांसारख्या गावांचे जंगलाबाहेर पुनर्वसन सुरू झाले. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन काही महिने थांबवले. त्यानंतरच्या मार्गदर्शक तत्त्वांनी गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटनाला मुभा दिली.

मेळघाटचे धबधबे मुख्यतः पावसाळ्यात वाहतात आणि गाभ्यातील सफारी साधारणपणे त्याच दिवसांत बंद असते. म्हणून पावसाळी गर्दी उद्यानाबाहेरच्या चिखलदऱ्यात, भीमकुंड आणि पंचबोलच्या कड्यांवर होते. हे कडे बेसाल्टच्या आडव्या थरांचे आहेत. खालचा मऊ थर पाण्याने झिजतो आणि वरचा कठीण थर पुढे झुकून राहतो. त्यामुळे भक्कम दिसणारे टोकही पोकळ असू शकते. त्यावर शेवाळ आणि धुके यांची भर पडते, म्हणून कठड्याच्या आतच थांबावे लागते. पठारावर दूर कुठे सर कोसळली तरी नाल्याचे पाणी अचानक चढते. धबधब्याच्या कुंडात उतरणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

कोरड्या दिवसांत सफारीसाठी नोंदणी, ओळखपत्र आणि वनखात्याने नेमलेला वाटाड्या लागतो. गाडीतून उतरता येत नाही. पायी जायचे ते ठरलेल्या वाटेने, वाटाड्यासोबत आणि उजेड असेपर्यंतच. अस्वल आणि गवा वाघाइतकेच धोकादायक ठरू शकतात, त्यामुळे वाटाड्याने थांबायला सांगितले की थांबायचे असते. आजच्या वाटाड्यांत कोरकू तरुणही आहेत.