केमोल्ड : फ्रेमच्या दुकानातून उभी राहिलेली गॅलरी

मुंबईतल्या मुस्लिमांचा इतिहास सांगताना आपण गिरणी कामगार, खोजा-बोहरा-मेमन व्यापारी, उर्दू शायर आणि सिनेमावाले यांची नावे घेतो. चित्रकारांचे नाव क्वचितच येते. आले तरी मकबूल फिदा हुसेन यांच्या वादापुरते किंवा तय्यब मेहतांच्या चित्राला लिलावात मिळालेल्या किमतीपुरते. हे चित्रकार कोणत्या भिंतींवर लागले आणि त्या भिंती कुणी उपलब्ध करून दिल्या, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. म्हणून आज केमोल्ड या गॅलरीविषयी लिहितो आहे. १९६३ साली सुरू झालेली ही गॅलरी आजही फोर्टातल्या क्वीन्स मॅन्शन या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चालू आहे.

केमोल्ड हे नाव ‘केमिकल मोल्डिंग’वरून पडले. केकू गांधी हे वांद्र्याच्या पारशी कुटुंबातले. केंब्रिजला शिकत असताना ते मुंबईला आले आणि दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांना परत जाता आले नाही. १९४१मध्ये त्यांनी चित्रांच्या चौकटी तयार करण्याचा धंदा सुरू केला. प्रिन्सेस स्ट्रीटवर त्यांचे दुकान होते. चौकट विकायची तर तिच्यात काहीतरी लावून दाखवावे लागते. केकूंनी त्यात त्या वेळी कुणी विकत घेत नसलेल्या तरुणांची चित्रे लावली. आरा, हेब्बार, हुसेन ही नावे मुंबईकरांनी आधी दुकानाच्या काचेतून वाचली.

हे तरुण कोण होते? १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप स्थापन झाला, त्यातले सहाजण पाहिले तरी अंदाज येतो. सूझा गोव्याचे कॅथलिक. रझा मध्य प्रांतातल्या जंगल खात्यातल्या नोकरदाराचे चिरंजीव. हुसेन आपल्या पंढरपुरात जन्मलेले आणि मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरणारे. आरा घरगडी म्हणून राबलेले. गाडे आणि बाकरे हे मराठी. त्यांना पाठबळ देणाऱ्यांत नाझींच्या युरोपातून जीव वाचवून आलेले लँगहॅमर, श्लेसिंगर आणि फॉन लायडन होते. संख्येच्या हिशेबात यातले बहुतेकजण कुठल्या ना कुठल्या अल्पसंख्येत मोडतात. मुंबईची आधुनिक चित्रकला अशा लोकांच्या एकमेकांना धरून राहण्यातून वाढली.

१९५२ साली काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ पैसा दिला आणि दुर्गा बाजपेयी यांनी इमारतीचा आराखडा केला. ती व्हावी यासाठी धडपडणाऱ्यांत केकू गांधी होते. मात्र जागा मिळाली म्हणून मोकळीक मिळाली असे झाले नाही. १९५४मध्ये याच इमारतीत अकबर पदमसी या खोजा घराण्यातल्या तरुणाचे प्रदर्शन भरले. ‘लव्हर्स’ मालिकेतली चित्रे अश्लील आहेत म्हणून पोलिसांनी ती काढायला सांगितली. पदमसींनी नकार दिला. खटला झाला, ते निर्दोष सुटले. सरकार हायकोर्टात गेले आणि तिथेही हरले. आविष्कार स्वातंत्र्याच्या आपल्या चर्चेत हा खटला फारसा आठवला जात नाही.

याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर १९६३मध्ये केकू आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी गॅलरी केमोल्ड सुरू केली. जागा लहान होती. पण तिथे काय लागले ते पाहण्यासारखे आहे. बडोद्याचे भूपेन खख्खर हे पेशाने हिशेबनीस. घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी ही ‘उच्च’ चित्रकलेने न पाहिलेली माणसे त्यांच्या चित्रांत आली. ते केमोल्डचे अगदी सुरुवातीपासूनचे चित्रकार.

१९७५ साली तिथे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे लागली. डहाणू तालुक्यातल्या पाड्यावर राहणारा हा वारली माणूस. लग्नाचा चौक लिहिणे हे वारल्यांत बायकांचे काम, म्हसे मात्र रोज चित्र काढत. भास्कर कुलकर्णी यांनी त्यांना हेरले आणि मुंबईसमोर आणले. आज साडीपासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडे दिसणारी वारली चित्रकला शहराच्या गॅलरीत शिरली ती अशी. लोककला आणि आधुनिक कला यांची पंगत वेगळी मांडण्याच्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

तय्यब मेहतांबद्दल जरा थांबून लिहायला हवे. बोहरा कुटुंबातले तय्यब क्रॉफर्ड मार्केट आणि मोहम्मद अली रोडच्या परिसरात वाढले. फाळणीच्या दंगलीत त्यांनी घराच्या खिडकीतून एका माणसाला जमावाने मारताना पाहिले. ते दृश्य त्यांना आयुष्यभर सुटले नाही. पाय बांधलेला बैल, कोसळणारी आकृती, मधोमध चिरलेला कॅनव्हास हे त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येत राहिले. त्यांनी कुठल्या बाजूचा माणूस मेला हे चित्रात सांगितले नाही. २००२मध्ये त्यांच्या ‘सेलिब्रेशन’ला लिलावात दीड कोटी मिळाले, तेव्हा बातमी रकमेची झाली. खिडकीतले ते दृश्य बातमीत आले नाही.

मग १९९२ उजाडले. त्या वर्षी नलिनी मलानी यांनी केमोल्डच्या भिंतींवरच थेट चित्रे काढली. ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे त्या कामाचे नाव. प्रदर्शन संपल्यावर भिंतींना चुना मारला गेला, विकायला काही उरले नाही. कराचीत जन्मलेल्या आणि फाळणीमुळे घर सोडावे लागलेल्या या चित्रकर्तीने केलेले ते काम पुसले गेले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात शहर पेटले. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे दोन टप्प्यांत ९०० माणसे मेली, त्यात ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते. केमोल्डशी जोडलेले विवान सुंदरम यांनी छायाचित्रकार होशी जाल यांनी टिपलेला रस्त्यावरच्या एका मृतदेहाचा फोटो घेतला आणि १९९३मध्ये ‘मेमोरियल’ ही मांडणी केली. त्या माणसाला नाव नव्हते, कबरही नव्हती. कलेने त्याला दोन्हीच्या जवळ जाणारे काहीतरी दिले. केकू गांधी तोवर सत्तरी ओलांडलेले होते. आणीबाणीत सरकारविरोधी कार्यकर्त्यांना घरात आसरा देणारा हा माणूस दंगलीनंतर मोहल्ला कमिट्यांच्या कामात उतरला. चित्रे लावणारा माणूस वस्त्यांमध्ये सलोख्यासाठी फिरतो, यातच गॅलरीचे चरित्र दिसते.

शहराचे चरित्र मात्र बदलत गेले. १९९८मध्ये हुसेन यांच्या मुंबईतल्या घरावर हल्ला झाला. २००६मध्ये त्यांनी देश सोडला आणि २०११मध्ये लंडनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. पंढरपूरच्या माणसाला या मातीत जागा मिळाली नाही. २००७मध्ये केमोल्ड जहांगीरमधून क्वीन्स मॅन्शनमध्ये आली. लहान खोलीच्या जागी ऐसपैस दालन मिळाले, नावापुढे प्रेस्कॉट रोड लागले आणि सूत्रे मुलगी शिरीन यांच्या हाती होती. २०१३ साली गॅलरीने पन्नाशी साजरी केली, पण ती पाहायला केकू नव्हते. त्यांचे २०१२मध्ये निधन झाले होते. दुसरी गोष्टही मान्य करायला हवी. आता एका चित्राची किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यात नाही, आणि जुन्या इमारतीचा तिसरा मजला सामान्य माणसाला आपला वाटत नाही.

मला खटकते ते आपल्या बाजूचे मौन. चित्र काढणे जायज की नाजायज या वादात आपली बरीच शक्ती गेली. तो वाद ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे सोडवावा. पण पदमसींचा खटला, तय्यब यांची खिडकी, हुसेन यांचे बोर्ड रंगवणे हा आपल्या समाजाच्या शहरी जगण्याचा दस्तऐवज आहे. तो इंग्रजी कॅटलॉगमध्ये जपला गेला, मराठी आणि उर्दूत फारसा आला नाही. मराठी मुस्लिमांच्या कोणत्या साहित्य संमेलनात तय्यब मेहतांवर परिसंवाद झाल्याचे मला आठवत नाही.

मोहम्मद अली रोडवरून फोर्टातले क्वीन्स मॅन्शन पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. गॅलरी पाहायला तिकीट लागत नाही, काही विकत घ्यावे लागत नाही. पोरांना घेऊन एकदा जा. काही चित्रे कळणार नाहीत, तरी हरकत नाही. त्यांना एवढे सांगा की, या भिंतींशी आपल्या माणसांचाही संबंध आहे.