शब्दवेध : मोसमी

जूनमध्ये नांदगावच्या माळावर नैऋत्येकडून घोंघावत येतो तो मोसमी वारा. या नावाचे मूळ अरबी ‘मौसिम’, म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. याच वाऱ्याच्या भरवशावर अरब खलाशी मलबारकडे गलबते हाकारत. फारसीच्या वाटेने ‘मोसम’ मराठीत आला. तोच शब्द पोर्तुगीज आणि इंग्रजांच्या तोंडून फिरून ‘मान्सून’ बनून दुसऱ्यांदा आला. व्यापारी वारे वर्षभर साधारण एकाच दिशेने वाहतात, मोसमी वारे ऋतूबरोबर दिशा पालटतात. पाऊस मूळ शब्दात नाहीच. सह्याद्री चढताना ढग इगतपुरीलाच रिते होतात. पलीकडे उतरणारी हवा तापते, कोरडी होते. पर्जन्यछायेतल्या नांदगावाच्या वाट्याला मग अनेकदा शब्दाचा मूळ अर्थच तेवढा येतो : वारा वेळेवर, पावसाची हमी नाही.