कामगार नेतृत्व
कामगार नेतृत्व : कामगारांचे संघटन करून त्यांच्या मागण्या मालक व शासन यांच्यापुढे मांडण्याचे कार्य. नेतृत्वविषयक संकल्पना व कामगारहक्क यांचा विकास परस्परसंबद्ध आहे. थोर पुरुषच इतिहास घडवितात, हे टॉमस कार्लाइलचे मत (१८४१) एकोणिसाव्या शतकात प्रभावी होते. मुंबईत मात्र नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर करून नेत्याचा अधिकार अनुयायांच्या संमतीवर उभा केला. १९२६ च्या अधिनियमाने कामगार संघांना कायदेशीर स्थान दिले. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनच्या गिरणी समित्यांतून कामगारच पुढे आले. कुर्ट ल्यूइन व त्याचे सहकारी यांच्या प्रयोगांनी (१९३९) लोकशाही नेतृत्वाला शास्त्रीय आधार दिला.

हंगामी उद्योगांत हा विकास मंद राहिला. वऱ्हाडातील कारंजा (सध्याचा वाशिम जिल्हा) ही कापसाची जुनी पेठ असून तेथे सरकी काढण्याचे कारखाने होते. वर्षातून चार महिन्यांहून अधिक न चालणारे कारखाने १८८१ च्या कारखाना अधिनियमातून वगळलेले होते. हंगामी कारखाने १९११ च्या अधिनियमाने कक्षेत आले. हंगाम सरताच मजूर पांगत. त्यामुळे हक्क कायद्यात आले, तरी ते बजावून घेणारे स्थिर नेतृत्व त्यांच्यातून उभे राहणे कठीण होते.